चिंचोक्याएवढी गाठ

मु. तलवाडा, मार्गशीर्ष शु. ४, शके १८४८

चि. सौ. रुक्मिणी हिस,

तुला माहेरी जाऊन तीन आठवडे होत आले आणि दिंद्रुडाहून एक अक्षर नाही. लिहिता येत नाही असे म्हणायची तुला सोय नाही, कारण अक्षरे मीच तुझ्याकडून गिरवून घेतली आहेत, माजघरात, दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की. राग असेल तर रागाचे लिही, पण लिही. थोरली जाऊ म्हणून सांगत नाही, तुझी मास्तरीण म्हणून सांगते.

आधी भारताचे लिहिते, कारण पत्र उघडून तू तेच शोधशील. भारत खुशाल आहे. पहिले चार दिवस दाराकडे बघून रडला, मग दमला. आता सासूबाईंच्या कुशीत निजतो आणि त्यांच्याच हातून जेवतो. भाकरीचा घास त्या आधी आपल्या तोंडात चावून मऊ करतात आणि मग त्याच्या तोंडात घालतात. आपल्या नवऱ्यांनाही त्यांनी असेच वाढवले, असे त्या सांगतात. अधूनमधून माझ्याकडे येतो, माझी नथ ओढतो. अंगावरचे दूध तुटले म्हणून वाळला नाही, उलट गाल आले आहेत. तेव्हा रडत बसू नकोस.

आता दुसरे. बैल जुंपलेल्या दमणीत बसताना तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलेस ती मला आवडली नाही. जे झाले ते माझ्यामुळे झाले असे तुझ्या मनात असेल तर जरा आठवून बघ. टोचून घ्यायचे कोणी काढले? तुझ्याच नवऱ्याने. सुग्रीवभावजींनीच हैदराबादेहून लिहिले की उन्हाळ्यात गावात क्षयाने दोन माणसे गेली, सरकारी डाक्टर दौऱ्यावर येत आहेत, घरात लहान मूल आहे, तेव्हा कोणाला लागण आहे का ते कळावे म्हणून झाडून सगळ्यांनी टोचून घ्यावे. मामंजींना ते पसंत नव्हते. गोषातल्या बायकांचा हात परक्या पुरुषाने धरायचा म्हणजे काय! तरी लेकाच्या शब्दाखातर कबूल झाले. डाक्टर ओसरीवर, आपण माजघरात, मध्ये पडदा. पडद्याच्या फटीतून एकेकीने डावा हात बाहेर काढला आणि मनगटाच्या वर सुई घेतली. भारत किंचाळला ते अजून माझ्या कानात आहे.

तिसऱ्या दिवशी हात बघायला डाक्टर पुन्हा आले तेव्हा मामंजी अडून बसले. एकदा हात धरला तेवढा पुरे, म्हणाले. मग डाक्टरांनी ताटलीत तीन दाणे ठेवून आत पाठवले, एक ज्वारीचा, एक हरभऱ्याचा आणि एक चिंचोका. टोचलेल्या जागी काय उठले आहे ते ह्या दाण्यांशी मोजून, ज्यांना लिहिता-वाचता येते त्या बाईंनी आतून सांगावे. त्या बाई म्हणजे मी. मी हौसेने पुढे गेले नव्हते.

जे होते ते मी सांगितले. सासूबाईंचा हात सपाट. छबूवन्संचा सपाट. भारताचा सपाट. माझ्या हातावर ज्वारीएवढे, म्हणजे काहीच नाही. तुझ्या हातावर चिंचोक्याएवढे. तू शेजारी उभी राहून काहीतरी पुटपुटलीस, ते मला नीट ऐकू आले नाही.

पुढचे मामंजींनी ठरवले. लेकरापासून लांब राहण्यातच लेकराचे भले आहे, हे तुलाही कळते. हवा पालटली की तू बरी होशील आणि परत येशील. तोवर भारत आमचा आहे, काळजी करू नकोस.

तुझी थोरली जाऊ,
सरस्वती


तलवाडा, मार्गशीर्ष व. ९

चि. रुक्मिणी,

तुझे कार्ड पोचले. एवढे कार्ड खर्ची घातलेस आणि लिहिलेस काय, तर एक ओळ. ‘भारत खोकतो का?’

ना रामराम, ना थोरामोठ्यांना नमस्कार. आणि कार्डावर उघडे लिहितात का असले? टपाल आणणाऱ्यापासून मामंजींपर्यंत सगळ्यांनी वाचले. त्यातून छबूवन्संचे चकलांब्याला जमत आले आहे. मुलाकडची माणसे दोनदा येऊन गेली, कुंकू लावायचे तेवढे राहिले आहे. अशा वेळी ह्या घरात कोण खोकते आणि कोण नाही ह्याची चर्चा गावभर व्हावी असे तुला वाटते का?

नाही खोकत.

म्हणजे थोडासा खोकतो. दात येत आहेत. दात येताना लाळ गळते, लाळेने छाती भरते, सगळ्या पोरांचे होते. दिवस मावळताना अंग जरा कोमट लागते. सासूबाई ओव्याचा शेक देतात, छातीशी घेऊन बसतात. त्यांच्याइतकी माया तर त्याला कोणी लावत नाही.

तुला काय विचारायचे आहे ते मला कळले, रुक्मिणी. मी तुझी मास्तरीण आहे. तुला सासूबाईंच्या खोकल्याबद्दल विचारायचे आहे. तो थंडीचा आहे. गेल्या थंडीत होता तोच. उन्हाळ्यातही थोडा होता, पण तो धुळीचा.

डाक्टरांनी पडद्यापलीकडून विचारले होते, “घरात कोणाला जुना खोकला, बारीक ताप? कोणी वाळत चाललंय का?” तेव्हा सासूबाईंनी माझ्या दंडाला केवढा चिमटा काढला ते तू बघितले आहेस. चकलांब्याची माणसे त्याच आठवड्यात मुलगी बघायला यायची होती. मी म्हणाले, “कोणी नाही.” तू माझ्या जागी असतीस तर काय केले असतेस? आणि शेवटी त्यांचा हात सपाटच निघाला की नाही? त्यात मी काहीच केले नव्हते. बोट फिरवून बघितले, कातडे गुळगुळीत होते. डाक्टरांच्या सुईला माणूस फसवू शकेल, पण माणसाचे रक्त कसे फसवेल?

असे मी स्वतःला रोज सांगते. रोज सांगावे लागते, हे मात्र मला बरे वाटत नाही.

तू जेवत जा. तुला ताप येतो का, खोकला आहे का, ते लिही. कार्डावर नको, पाकिटात.

सरस्वती


तलवाडा, पौष शु. १२, संक्रांतीचा दुसरा दिवस

रुक्मिणी,

तुझे पाकीट मिळाले. ताप नाही, खोकला नाही, चार मैल चालून शेतावर जाऊन येते, असे लिहिले आहेस. वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मी पत्र घडी करून उतरंडीच्या सर्वांत खालच्या मडक्यात ठेवले आणि वरची मडकी पुन्हा रचली.

परवा सारजाबाई कासारीण आली होती संक्रांतीच्या बांगड्या भरायला. तू तिला ओळखतेस. तिच्या जिभेला हाड नाही, पण बोटे लोण्याची आहेत. पहिला हात सासूबाईंचा. त्यांना नेहमी अडीचची बांगडी लागते. सारजाबाईने अडीचची चढवली तर ती मनगटावरून घसरून खाली आली. सव्वादोनची काढली, तीही सैल पडली. सारजाबाई पेटीत आणखी लहान माप शोधू लागली. सासूबाईच म्हणाल्या, “बांगड्याच मोठ्या झाल्या गं तुझ्या हल्ली.” आणि हसता हसता खोकल्या. पदर तोंडाला लावला आणि लगेच मुठीत गोळा करून कमरेला खोचला. भारत त्यांच्या मांडीवर होता. खोकला थांबल्यावर त्यांनी त्याच्या तोंडातली तिळाची वडी काढली, आपल्या दातांनी बारीक केली आणि परत त्याला दिली.

मी बघत राहिले. रोज बघते तेच होते, पण परवा पहिल्यांदा ते मला बघवेना.

मग माझी पाळी. सासूबाई भारताला घेऊन आत गेल्या. सारजाबाईने माझा डावा हात दाबून मऊ करता करता खालच्या आवाजात विचारले, “धाकल्या बाई काऊन दिसत न्हाईत? संक्रांतीला माहेरी?”

मी म्हणाले, “तिच्या हातावर उठलं ना. गाठ.”

“कोणत्या हातावर?”

“डाव्या. टोचलं होतं तिथं.”

तिचे दाबणे थांबले. “बाई, तुमाला टोचलं त्याच्या दुसऱ्या दिशी मीच आलते न्हव का, छबूताईला बघाय पाव्हणे येणार म्हून? समद्यांचे हात भरलेत मी. धाकल्या बाईच्या हातावर कायबी न्हवतं. त्यांनी बांगड्या लई घट्ट मागितल्या, अन् त्या चढवताना मीच खरचटलं त्या जागी. लाल झालतं. मी त्याला तेल लावलं. गाठ असती तर मला कळली नसती व्हय? सुजल्या हातावर मी बांगडी चढविते का?”

मी म्हणाले, “दुसऱ्या दिवशी नसेल, तिसऱ्या दिवशी आली असेल.”

तिने माझा हात तसाच धरून ठेवला. पुढे जे म्हणाली ते आज लिहीत नाही.

भारत आता सकाळीही खोकतो. दात कधीच येऊन गेले.

स.


तलवाडा, पौष व. ४

रुक्मिणी,

मी एक गोष्ट केली आहे आणि ती घरात कोणाला माहीत नाही. तुला सांगते, कारण पोर तुझे आहे.

आज शुक्रवार होता. भारताला त्वरितादेवीच्या पायावर घालून आणते म्हणाले. सासूबाईंनी ओटी बांधून दिली. बंकट गडी दमणी हाकत होता. देवीचे दर्शन झाले आणि मी त्याला म्हणाले, “आता गेवराईला चल.” तो म्हणाला, “मालकास्नी काय सांगू?” मी म्हणाले, “मी काय सांगायचं ते बघते, तू बैल हाक.” पंधरा वर्षांत देवीच्या पलीकडे मी गेले नाही. वाटेत दमणीचा पडदा वाऱ्याने उडाला की मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवत होते, जसे काही त्याच्यावरच सगळे अवलंबून होते.

डाक्टरांचा मुक्काम गेवराईलाच होता. मला बघून ते उठून उभे राहिले आणि तोंड फिरवून बोलू लागले. देशमुखांच्या घरची बाई! मी म्हणाले, “डाक्टरसाहेब, इकडं बघून बोला. न बघता बोलण्यानंच घात झाला आहे.”

सासूबाईंबद्दल सगळे सांगितले. उन्हाळ्यापासूनचा खोकला, संध्याकाळचा ताप, सैल पडणाऱ्या बांगड्या, कमरेला खोचलेला पदर. पदराला कधी तांबडे लागते ते धुणाऱ्या बाईने मला दसऱ्यालाच सांगितले होते. तेही सांगितले. मग म्हणाले, “पण त्यांचा हात तर सपाट होता. मी नीट बघितलं होतं.”

डाक्टर डोक्याला हात लावून खाली बसले. “अहो बाईसाहेब, गाठ कोण उठवतं? सुई नाही उठवत. सुईतल्या दवेला ओळखून अंगातली ताकद ती गाठ उठवते. रोगाने माणूस पार पोखरलं की ताकदच उरत नाही, मग हात सपाट राहतो. म्हणून तर मी खोकल्याचं विचारत होतो. हात एकटा कधी वाचायचा नसतो, माणसासकट वाचायचा असतो.”

मी विचारले, “आणि ज्याच्या हातावर गाठ उठते तो?”

“त्याच्या अंगात किडा कधीतरी शिरला, एवढाच त्याचा अर्थ. शिरला म्हणजे रोग झालाच असं बिलकूल नाही. मोठ्या माणसांत कितीतरी जणांच्या हातावर गाठ येते आणि ती धडधाकट जगतात. तुमच्या जावेची छाती तपासायला आणा, असं मी ओसरीवर ओरडून सांगितलं होतं. छाती चांगली असती तर तिला घालवायचं काही कारणच नव्हतं.”

हे त्यांनी खरेच सांगितले होते. मी पडद्याजवळ होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. मामंजींनी ते अर्धेच ऐकले. परपुरुष सुनेच्या छातीला नळी लावणार, एवढे कानावर पडले आणि त्यांनी तुझी दमणी जुंपायला सांगितली.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. दाणे पाठवताना डाक्टर म्हणाले होते, “लाल दिसतं ते मोजू नका. डोळे मिटून बोट फिरवा आणि कठीण लागतं तेवढंच मोजा.” तुझा हात नुसता लाल होता. बांगडीने खरचटलेला. तू तेच पुटपुटत होतीस, ‘बाई, बांगडीनं घासलंय,’ आणि मला ते ऐकू आले होते. मी लाल मोजले. घाईत माझी चूक झाली, असे समज.

डाक्टरांनी भारताच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले, आणि त्याच्या डाव्या हाताला पुन्हा टोचले. म्हणाले, “कार्तिकात ह्याचा हात सपाट होता, हे नक्की?” मी म्हणाले, नक्की. “मग आता गाठ उठली तर ह्या दोन-अडीच महिन्यांत त्याला लागण झाली असं धरावं लागेल. मोठ्यांचं निराळं. एवढ्या लहान पोराच्या हातावरची गाठ मी हलकी घेत नाही.” परत यायला मला जमणार नाही हे त्यांना कळले. त्यांनी माझे बोट धरून त्याच्या हातावर फिरवून दाखवले आणि तिसऱ्या दिवशी बघून बंकटकडे चिठ्ठी द्या म्हणाले.

उद्या दुसरा दिवस. परवा तिसरा. भारताला मी माझ्याजवळ निजवते आहे. सासूबाई रुसल्या आहेत, तो त्यांच्यासाठी रडतो आहे. त्याची बाही मी सुईदोऱ्याने मनगटाशी शिवून टाकली आहे, म्हणजे त्याने खाजवायला नको आणि मी सारखे उघडून बघायला नको. तरी बाहीवरून हात जातोच. मला भीती वाटते, रुक्मिणी. एवढी भीती मला माझ्या कशाचीच कधी वाटली नाही.

स.


दिंद्रुड, वेशीबाहेर मारुतीच्या पारावर, पौष व. ८

रुक्मिणी,

बंकट पोराला तुझ्या हातात देईल. आधी पोराला घे. दोन दिवसांच्या वाटेने आंबला आहे. थोडे दूध पाज, मग हे वाच.

परवा सकाळी मी बाहीचे टाके उसवले. ताटलीतले तीन दाणे मी इतके दिवस पदराच्या गाठीला बांधून ठेवले होते, ते बाहेर काढले. डोळे मिटले. बोट चांगल्या कातड्यावरून हळूहळू पुढे नेले. ते अडले. पुन्हा दुसऱ्या बाजूने आणले, तिकडूनही अडले. शेजारी ज्वारी धरली, हरभरा धरला. मग चिंचोका धरला. चिंचोका बरोबर बसला.

मी सासूबाईंकडे गेले आणि सगळे सांगितले. डाक्टर, गेवराई, त्यांचा सपाट हात, पोराचा उठलेला हात. वाटले होते की त्या आकांत करतील, मामंजींना हाक मारतील. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला आधी काऊन सांगितलं न्हाईस गं? मी त्याला तोंडचा घास देत होते.”

दमणी जुंपायला त्यांनीच सांगितले. मामंजी ओसरीवरून ओरडले, “कुठं चालली ही?” तर आतून म्हणाल्या, “लेकराला त्याच्या आईकडं नेती हाय. अन् चकलांब्याच्या पाव्हण्यास्नी सांगा, मुलीच्या आईला खोकला हाय. पटलं तर सोयरीक करतील.” मी ह्या घरात आल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. भारत दमणीतून त्यांच्याकडे हात पसरत होता, आजी आजी करत होता. त्या दारातच उभ्या राहिल्या, तोंडावर पदर दाबून, आणि जवळ आल्या नाहीत. गाडी वळेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे पाठ केली होती.

आता सारजाबाई काय म्हणाली ते लिहिते. तिने माझा डावा हात धरून, टोचल्याच्या जागी अंगठा ठेवून म्हटले, “धाकल्या बाईच्या हातावर न्हवती. गाठ हितं व्हती. दुसऱ्याच दिशी माझ्या बोटाला लागलती. तुमी हात वढून घेतला म्हून मी गप बसले.”

चिंचोक्याएवढी गाठ माझ्या हातावर होती, रुक्मिणी. घाईत चूक झाली असे मी लिहिले ते खोटे. मी पडद्याआड उभी राहून पूर्ण शुद्धीत माझी गाठ तुझ्या नावावर सांगितली. ह्या घरात येऊन मला पंधरा वर्षे झाली आणि मांडीवर पोर नाही. दुसरी बायको करायचे दिवाळीपासून ओसरीवर बोलणे चालू होते. त्यात ही गाठ कळली असती तर मला घालवून दिले असते, आणि मला जायला माहेर उरलेले नाही. तुला माहेर आहे, तू परत येशील, असे मी त्या वेळी मनाशी म्हणाले. भारत माझ्याकडे राहील असेही म्हणाले. ते आधी म्हणाले की नंतर, हे आता मलाही सांगता येणार नाही. आणि ती गाठ म्हणजे रोग नव्हताच. मी डाक्टरांना ते एकदा नीट विचारले असते तरी पुरे होते. तुझी छाती तपासायला आणा, हे पडद्याआड त्यांच्या तोंडून ऐकूनही मी गप्प राहिले. कार्तिकात तुझ्या पोराचा हात सपाट होता.

डाक्टरांनी गेवराईतच सांगून ठेवले आहे, ह्याला औषध असे नाही, पण पुष्कळ पोरे ह्यातून तगतात. उघड्यावर, उन्हात ठेवायचे. दूध, अंडे मिळेल ते द्यायचे. खोकणाऱ्या माणसाला जवळ येऊ द्यायचे नाही आणि चावलेला घास द्यायचा नाही. आईजवळ असले तर बरेच. दर महिन्याला छाती ऐकवायची. तुझ्या भावाला सांग, लाजू नका म्हणावे.

मी आत येत नाही. माझी छाती डाक्टरांनी गेवराईतच ऐकली, ती साफ आहे, तेव्हा त्या भीतीने नाही. तू बोलावलेस तर येईन, पोराचे करीन, तुझ्या ओट्यावर पडून राहीन. नाही बोलावलेस तर बंकट परत आला की आम्ही निघू. तलवाड्याला जाऊन सासूबाईंना बघायचे आहे. त्यांच्याजवळ आता कोणी जायला तयार नाही आणि माझ्या हातावर गाठ येऊन गेलेलीच आहे. माझी गरज आधी तिकडे आहे की इकडे, ते तू ठरव.

आणखी एकच काम सांगते. तीन दाणे पुडीत बांधून ह्या पत्रासोबत दिले आहेत. पोर निजले की त्याचा डावा हात घे. मनगटाच्या वर चार बोटे. मी मागे तुझ्या हाताचे सांगितले ते खोटे होते, तेव्हा ह्याच्या हाताचे सांगते आहे त्यावरही विश्वास ठेवू नकोस. ह्या वेळीही मी खोटी ठरावे म्हणून वाटेत दोन दिवस देवीला विनवीत आले. लाल असेल ते बघू नकोस. डोळे मीट, आणि तूच बोट फिरवून बघ.

सरस्वती